उलटा के

११ मे, शनिवार

वाद घालताना माझ्याकडे पुरावा नसला की नेल्सन मारेरो जिंकतो, आणि तो जिंकलेला मला बघवत नाही. म्हणून आजपासून लिहून ठेवणार.

बेसबॉलच्या हंगामाचा पहिला सामना झाला. आमच्या गावचा संघ, लोरेन इंगॉट्स, हरला. त्यात नवं काही नाही. डाव्या मैदानाच्या कठड्यामागची बसायची पहिली फळी, माझी तीच जागा आणि शेजारी तोच नेल्सन. पोलाद कारखान्यात तो क्रेन चालवायचा, आता निवृत्त होऊन नुसतं तोंड चालवतो. या वर्षी तर त्याने कहरच मांडलाय. पूर्वी अर्धा सामना गप्प बसणारा माणूस, आज रेडिओसारखा सुरू होता. "सोळा नंबर आला बघ. डावखुरा. दाढी वाढवलीय मेल्याने. पहिला चेंडू बाहेर. दुसरा आत."

"मला दिसतंय," मी म्हटलं.

"मी कुठे तुला सांगतोय? मी आपला माझ्याशी बोलतोय."

त्याची दुसरी खोड जुनीच. बॅटरने बॅट फिरवली की हाही बसल्या जागी खांदे फिरवतो. फळी हलते आणि माझी कॉफी सांडते. दर वर्षी सांगते, दर वर्षी सांडते.

क्लबने दिव्यांवर काटकसर केलेली दिसते. दिवे लागल्यावर चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या जागी मला नुसता करडा ठिपका दिसत होता. ऑफिसात तक्रार केली. तिथे केंड्रा नावाची नवीन मुलगी आली आहे, प्रसिद्धी सांभाळते. ती म्हणाली, "मिसेस हुडाक, दिवे तर या वर्षी नवे बसवलेत, दुप्पट उजेडाचे."

फसवलंय त्यांना कोणीतरी.

१८ मे, शनिवार

जिंकलो! टिबेट्सने होमरन मारला, चेंडू आमच्या डोक्यावरून थेट गाड्यांच्या तळावर. सामना संपल्यावर क्लबच्या टपरीवरून त्याचा फोटो छापलेलं कार्ड घेतलं, प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं, मागे तारखेची चिठ्ठी चिकटवली.

जत्रेत कार्डं विकणारे माझ्या कार्डांना हसतात. तिथे मोठ्या संघांतल्या मोठ्या नावांना भाव असतो आणि माझ्याकडे सगळी अशी माणसं, की एक हंगाम खेळली आणि नंतर छपरं शाकारायला किंवा विमा विकायला गेली. हसा लेको. तुमच्यातल्या एकाने तरी त्या माणसाला खेळताना पाहिलंय का? माझा नियम साधा आहे. एक सामना, एक कार्ड. मी तिथे हजर पाहिजे, शेवटचा गडी बाद होईपर्यंत बसलेली पाहिजे, आणि त्या माणसाने जे केलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे. माझ्या मुलीच्या, ॲनेटच्या, लहानपणीच्या बुटांची सगळी खोकी अशा कार्डांनी भरली आहेत. नेल्सनचीही तशीच खोकी आहेत. लोरेनमध्ये हे वेड फक्त आम्हा दोघांना आहे.

बाहेर पडताना नेल्सनने माझ्या हातातलं कार्ड पाहिलं. "हे कोणाचं घेतलंस?"

"टिबेट्सचं."

"टिबेट्स सोळा नंबरचा. हा अठरा नंबर. हा तर राखीव कॅचर आहे, बाई, आज बाकावरून उठलासुद्धा नाही."

क्लबने शर्टांवरचे आकडे बारीक केलेत. आणि कार्डांची छपाई इतकी भुरकट, की प्रत्येकाचं तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं. पुन्हा टपरीवर जाऊन बदलून आणलं. टोमणा मारायची इतकी सुंदर संधी नेल्सनने सोडली, याचंच मला आश्चर्य वाटलं.

२७ मे, सोमवार

सुट्टी म्हणून मुलगी आली होती. ॲनेट क्लीव्हलँडला दातांच्या दवाखान्यात काम करते आणि सगळ्या जगाकडे 'आ करा' अशा नजरेने बघते. तिला सामन्याला नेलं. मी कठड्याला इंग्रजी 'के' टांगत होते तर विचारते, "आई, हे नक्की काय असतं गं?" जन्म माझ्या पोटी आणि प्रश्न असा!

पुन्हा एकदा सांगितलं. आपल्या पिचरने समोरच्या बॅटरला तीन स्ट्राइकमध्ये, म्हणजे तीन चांगले चेंडू वाया घालवायला लावून, बाद केलं की एक के. पातळ लाकडातून कापलेली, लाल रंगाची ही अक्षरं माझ्या नवऱ्याने केली, तो गेल्यापासून मी टांगते. बॅटर बॅट फिरवून हुकला तर के सरळ. बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहिला आणि अंपायरने बाद दिला, तर के पालथा घालायचा, पाय डावीकडे. उलटा के. त्याची शरम वेगळी असते. प्रयत्न करून हरलेला आणि खांबासारखा उभा राहून हरलेला, यात फरक नको करायला?

"एवढ्यासाठी लोक भांडतात?" ॲनेट म्हणाली.

"याच्याहून फालतू गोष्टींसाठी तू नवरा सोडलास."

मग ती सामना संपेपर्यंत नेल्सनने आणलेले पास्तेलियो, म्हणजे खिमा भरलेल्या तळलेल्या करंज्या, खात त्याच्याशीच कुजबुजत होती. दोघं एकदम गप्प व्हायची, मी वळले की.

२ जून, रविवार

शेजारच्या कोवाचांनी त्यांची पोस्टपेटी रस्त्याच्या इतकी जवळ आणून रोवली आहे, की आज माझ्या गाडीचा आरसा तिला लागला आणि ती आडवी झाली. मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणे पेटी वीस वर्षं तिथेच आहे.

मी शाळेची बस चालवायचे. बर्फात, धुक्यात, मागे साठ कार्टी माकडांसारखी नाचत असताना. कधी साधा ओरखडा नाही. मला पोस्टपेट्या शिकवू नका.

संध्याकाळी नेल्सन आला. त्याची गाडी म्हणे उभी राहून राहून बिघडते, तिला फिरवायला निमित्त हवंय, तर यापुढे मला सामन्याला तोच नेईल. त्याच्या गाडीवर उपकार म्हणून हो म्हटलं.

८ जून, शनिवार

आज माझी अब्रू गेली.

ऑस्टरहाउट पिचिंग करत होता. उंच, लाजाळू पोरगा, आयोवाहून आलेला. त्याने बॅटरला बाद केलं, मी के टांगला, सरळ. मागून कोणीतरी ओरडलं, "उलटा! ओ आजी, उलटा!" मला वाटलं थट्टा करतायत. मी तशीच उभी राहिले. मग सगळा स्टँड ओरडायला लागला. बॅटर हललासुद्धा नव्हता म्हणे. मी त्याला बॅट फिरवताना पाहिलं होतं. देवाशपथ पाहिलं होतं.

नेल्सनने हात लांबवून के पालथा केला आणि मागे वळून त्यांच्यावर गरजला, "मी चुकीचं सांगितलं तिला! माझी चूक! या, मारा मला!"

तो चक्क खोटं बोलला. त्या वेळी तो पाणी पीत होता, तोंडातून शब्दही निघाला नव्हता. त्याची दया मला कोणी मागितली होती? परतताना गाडीत मी त्याच्याशी बोलले नाही. तो मात्र बोलत राहिला, "डावीकडे दिवा लाल आहे, थांबतोय बरं का. आता निघालो." गाडी चालवतानाही रेडिओ सुरूच.

१३ जून, गुरुवार

ॲनेटने सुट्टी घेतली आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टरने चौकटीचा कागद दाखवला आणि रेघा सरळ दिसतात का विचारलं. मी म्हटलं, "छापखाना बदला." तो हसला नाही.

नजरेचा मधला भाग चाललाय म्हणे. दोन्ही डोळ्यांचा. जिथे रोखून बघायचं नेमकं तिथेच डाग, आणि तो वाढत जाणार. इंजेक्शनं देतील, त्याने गती कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. कडेचं दिसत राहील.

"कडेलाच तर बसते मी," मी म्हटलं.

गाडीत ॲनेट रडत होती आणि मला राग येत होता, कारण रडायची पाळी माझी होती आणि ती तिने घेतली. गाडीची किल्ली तिने पर्समध्ये टाकली. मी मागितली नाही. कोवाचांची पोस्टपेटी मला आठवली आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग एका वळणावरच्या शाळेपाशी मुलं रस्ता ओलांडत होती, त्यांचे रंगीत शर्ट मला कडेने दिसले, तोंडं कोणाचीच दिसली नाहीत. मला भीती वाटली. लिहायचंच ठरवलंय तर तेही लिहिते. फार भीती वाटली.

१५ जून, शनिवार

नेल्सनला सांगितलं. त्याने "अरेरे" वगैरे केलं, पण त्याला धक्का बसलेला दिसला नाही. पुरुषांना कशाचंच काही वाटत नाही.

सामन्याला गेलोच. टिबेट्सने पुन्हा होमरन मारला. टपरीपाशी नेल्सनने त्याचं कार्ड माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतला.

"मी पाहिलं नाही."

"तू तिथे होतीस. माझ्या शेजारी. ओरडून माझे कान फाडलेस."

"तू ओरडलास म्हणून मी ओरडले. नियम काय आहे? स्वतःच्या डोळ्यांनी."

तो माझ्याकडे बघत राहिला. तो काय आठवतोय ते मला ठाऊक होतं. खूप वर्षांपूर्वी इंगॉट्सचा ऑस्टरलिंग नावाचा भीमासारखा पोरगा होता, त्याने शेवटच्या डावात चौघांना घरी आणणारा, चार धावांचा फटका मारला आणि हरलेला सामना फिरवला. असला फटका आमच्या मैदानावर पुन्हा झाला नाही. नेल्सन तेव्हा सॉसेजच्या रांगेत उभा होता. धावत आला तोवर ऑस्टरलिंग टोपी हलवत होता. त्याने कार्ड घेतलं, मी ते बाद केलं. तोवर नियम नुसता 'हजर पाहिजे' एवढाच होता, 'स्वतःच्या डोळ्यांनी' हे मी त्या दिवशी जोडलं. "रांगेत उभं राहून ऐकलेलं धरत नाही," मी म्हटलं होतं. त्याने ते मानलं. ते कार्ड आजही त्याच्या खिशातल्या पाकिटात आहे. खोक्यात टाकायची परवानगी त्याला मी दिलेली नाही.

मग आता मीच रांगेतलं कार्ड कोणत्या तोंडाने घेऊ?

४ जुलै, गुरुवार

फटाके. मला ते पूर्वीपेक्षा छान दिसतात, कारण ते सगळीकडे असतात.

तीन आठवड्यांत प्रत्येक सामन्याला गेले आणि एकही कार्ड घेतलं नाही. के मात्र टांगते, नेल्सन कानाशी पुटपुटतो, "सरळ", "उलटा". शाळेत कोणाच्या तरी पाटीवरून नक्कल केल्यासारखं वाटतं.

ॲनेटचा फोन. क्लीव्हलँडला तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी एक जागा आहे, 'फार सुरेख, जेवणाची सोय आहे, दर मंगळवारी बिंगो'. मी विचारलं, बेसबॉल आहे का? "मोठ्या टीव्हीवर असतो आई." टीव्हीवरच्या सामन्याचं कार्ड घेणारी मी दिसते का तुला? फोन ठेवला. नंतर पुन्हा करून माफ कर म्हणाले, आणि पुन्हा भांडून ठेवला.

२० जुलै, शनिवार

नेल्सन पास्तेलियोंवर मिरचीचं पाणी घालत होता, तेवढ्यात ऑस्टरहाउटने बाद केलं. मी वाट बघायला हवी होती. नाही बघितली. उलटा टांगला. बॅटर बॅट फिरवता फिरवता पडला होता म्हणे, सगळं मैदान हसत होतं. आणि मी त्याला खांब ठरवलं. स्थानिक टीव्हीने माझा चुकलेला के दाखवला.

सामन्यानंतर केंड्रा आली. मुलगी वाईट नाही, पण बोलताना माझ्या दंडाला हात लावते, आजारी माणसाला लावतात तसा.

"मिसेस हुडाक, आम्हाला तुमचा सन्मान करायचाय. एक सप्टेंबरला, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात. 'वेरा हुडाक दिवस'. पहिला चेंडू तुम्ही टाकायचा. फुलं देऊ. आणि पुढच्या वर्षीपासून कठड्यावर के दाखवणारा विजेचा फलक येतोय, म्हणजे तुम्हाला दगदग नको. फळ्याही काढून छान सुट्या खुर्च्या बसवायचा विचार आहे."

सन्मान! हाकलण्याची ही गोड रीत मला ठाऊक आहे. बसवरून काढतानाही केक कापला होता.

"पोरी," मी म्हटलं, "फुलं तुझ्या आईला दे. एक सप्टेंबरला मी के टांगणार. एकही चुकला तर सगळी अक्षरं स्वतः तुझ्या ऑफिसात आणून ठेवीन आणि पुन्हा या कठड्याशी येणार नाही. एकही नाही चुकला, तर हा कठडा माझा, मी मरेपर्यंत. विजेचा फलक तू तुझ्या घरी लाव."

केंड्राने नेल्सनकडे पाहिलं. नेल्सन म्हणाला, "माझ्याकडे काय बघतेस? मी क्रेन चालवायचो, हिला थांबवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं."

ती हो म्हणाली. गाडीत नेल्सन खुशीत होता. "काळजी करू नकोस. मी सांगत जाईन ना हळूच."

"तू त्या दिवशी एक अक्षर बोलायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तोंड बंद. तुझ्या डोळ्यांवर जिंकायचं असेल तर तूच टांग की. मला माझं जिंकायचंय."

"आणि हरलीस तर?"

"तर घरी बसेन. पण माझी मी हरेन."

त्यानंतर त्याने लाल दिवाही सांगितला नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

शोध लागलाय!

नेल्सनवर चिडून डोळे मिटून बसले होते. आणि ऐकू आलं. बॅटर फिरवून हुकला की लोक लगेच ओरडतात, त्या क्षणी. पण तो न फिरवता उभा राहिला तर कोणाला कळत नाही बाद झाला की नाही. सगळे आधी अंपायरच्या हाताकडे बघतात. एवढासा खळगा पडतो आवाजात. एक श्वास. मग ओरड.

हे मला आधी का सुचलं नाही? बस चालवताना मागे कोण काय करतंय हे मी कधी वळून पाहिलं? रस्त्यावरून नजर काढली असती तर संपलोच असतो. कान सांगायचे. दप्तर पडलं, का पोरगं पडलं, का एकाने दुसऱ्याला पाडलं, तिन्ही आवाज वेगळे. मी नुसती ओरडायचे, "टॉमी, त्याची टोपी परत दे!" आणि पोरांना वाटायचं हिला पाठीला डोळे आहेत.

आज मनातल्या मनात ओळखत गेले. नेल्सन पुटपुटायच्या आधी. सगळे बरोबर. त्याला सांगितलं नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

आता नेल्सनला म्हटलं, पुटपुटणं बंद, सराव करू दे. सगळे के एकटीने टांगले. अक्षर हातात घेतलं की पाय कुठे ते बोटांना कळतं. खळगा, उलटा. खळगा नाही, सरळ. एकही चूक नाही. मागचा जाड्या, जो 'आजी, आजी' करून ओरडतो, त्यानेही शिट्टी वाजवली.

नेल्सन मात्र तोंड पाडून होता. येताना गाडीत एकदाही बोलला नाही. "जीभ गिळलीस का?" विचारलं. म्हणाला, "आता तुला लागत नाही ना काही." म्हातारपणी माणसं उगीच कुढायला लागतात. गुडघे दुखत असतील त्याचे.

आजही कार्ड घेतलं नाही. ऐकणं म्हणजे पाहणं नव्हे. के टांगायला कान चालतील, कार्डाला नाही. रिकाम्या हाताने बाहेर पडायची सवय होईल असं वाटलं होतं, होत नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

चर्चच्या मासळीच्या जेवणाला सगळ्या बायका परवाबद्दल विचारत होत्या. अर्ध्या गावाला माहीत आहे. एकीने माझा हात धरून सांगितलं, "वेरा, हरलीस तरी आम्हाला तू तीच आहेस." मी तिला सांगितलं की तिचं बटाट्याचं सॅलड पूर्वीपासूनच बेचव आहे.

घरी येऊन खोकी उघडली. कार्डं एकेक करून कडेच्या नजरेने बघितली. तोंड दिसत नाही, पण चिठ्ठीला हात लागला की दिवस आठवतो. नवरा असतानाचे, ॲनेट लहान असतानाचे, थंडीने कुडकुडत बसलेले. जूननंतर एकही नाही. परवा हरले तर हे शेवटचं खोकं.

मला हरायचं नाही. कठडा गेला तर मी मंगळवारच्या बिंगोची होईन.

१ सप्टेंबर, रविवार

दुपारचा सामना, ऊन लख्ख. पहिला चेंडू मी टाकला नाही. केंड्राने फुलं आणली, ती ॲनेटच्या मांडीवर दिली. ॲनेट माझ्या मागे, नेल्सन शेजारी, आमच्या फळीवर.

"लक्षात आहे ना?" मी नेल्सनला विचारलं.

त्याने ओठांवर बोट ठेवलेलं मला कडेने दिसलं.

ऑस्टरहाउट पिचिंग करत होता आणि आज त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. पहिल्याच डावात बाद. खळगा नाही. सरळ. मागून टाळ्या. तिसऱ्या डावात खळगा, केवढा तरी खोल, मी उलटा टांगला, आणि स्टँड असा ओरडला जणू मीच पिचिंग करतेय. मग सरळ, सरळ, पुन्हा उलटा. ॲनेट मागून माझ्या खांद्याला चिमटे काढत होती. बेसबॉलमधलं काही न कळणारी माझी पोरगी, "आई, हा सरळच ना? सरळच ना?" करत होती. मी म्हटलं, "तोंड मिट, आ नको करूस."

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने पुढे. दोघं बाद, तिसऱ्यावर दोन स्ट्राइक. अजून एक, की सामना आमचा. सगळं मैदान उभं राहिलं. आणि इथे घोटाळा झाला, ज्याचा मी महिनाभर विचारच केला नव्हता. लोक थांबेनात. पिचरने हात उचलायच्या आधीपासून ते पाय आपटत होते, ओरडत होते, भोंगे वाजवत होते. आवाजात फटच नव्हती. खळगा पडणार तरी कुठे?

बसून होतो फक्त आम्ही दोघं, मधे फळीवर ॲनेटने नुकताच भरून ठेवलेला कॉफीचा पेला. माझा हात हुकवर, अक्षर दुसऱ्या हातात, आणि नेल्सनचे गुडघे असे की तो चटकन उठत नाही.

चेंडू गेला. गेलाच असणार, कारण ओरड होती त्याच्या दुप्पट झाली, आकाश कोसळल्यासारखी. बाद! लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मी मैदानाकडे पाहिलं तर मधोमध नेहमीचा करडा डाग. कडेला हिरवळ, कडेला आभाळ. मागून ॲनेट गप्प. केंड्रा पायऱ्यांवर उभी होती, तिचा पांढरा शर्ट दिसत होता.

सरळ की उलटा?

मला रडू येणार असं वाटलं आणि मी हुकवरचा हात सोडून कॉफीचा पेला घट्ट धरला. पेला भरलेला होता. काठोकाठ, तसाच. सांडला नव्हता.

फळी हलली नव्हती.

इतकी वर्षं, प्रत्येक बॅटरबरोबर, माझ्या कानीकपाळी ओरडण्याला न जुमानता, हा माणूस खांदे फिरवतो. तोंड बंद ठेवायचं त्याने कबूल केलं होतं. खांद्यांचं कोणीच काही बोललं नव्हतं. आज फळी हलली नाही, म्हणजे बॅट हलली नाही.

मी के पालथा केला. पाय डावीकडे. टांगला आणि हात बाजूला घेतले.

मग तो जाड्या किंचाळला, "उलटा! आजीने उलटा लावला! बरोबर आहे!" आणि जो काही गोंधळ झाला तो मी लिहू शकत नाही, कारण ॲनेटने फुलांसकट मला मिठी मारली होती आणि तोंडात पाकळ्या गेल्या होत्या. केंड्रा खाली आली. दंडाला हात न लावता, माझा हात हातात घेऊन हलवला, पुरुषांसारखा. "कठडा तुमचा," म्हणाली.

नेल्सन रडत होता. क्रेनवाला!

"पाहिलंस तू?" त्याने विचारलं. "खरं सांग. दिसलं?"

"नाही."

"मग या गोंगाटात ऐकू आलं?"

"ऐकू पण नाही आलं."

"मग कसं गं कळलं, बये?"

मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पुढच्या वेळी जपून बसला असता.

"मी इथे होते," मी म्हटलं. "म्हणून कळलं. बस. आजपासून नियम एवढाच. जो इथे होता, त्याचं कार्ड." आणि ॲनेटला पाठवून ऑस्टरहाउटचं कार्ड आणवलं. प्लास्टिकच्या पाकिटात मी स्वतः सरकवलं.

नेल्सन नाक पुसत होता. "असा कसा मध्येच नियम बदलतेस? नियम म्हणजे नियम ना?"

"माझा नियम, मी बदलला. मागच्या तारखेपासून लागू. ते ऑस्टरलिंगचं जुनं कार्ड खिशातल्या पाकिटातून काढ आणि आज घरी गेल्यावर खोक्यात टाक. पाकिटात वाकलंय ते."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग त्याने पाकीट काढून ते कार्ड बघितलं, जणू त्याच्यावरचं तोंड त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. मी माफी वगैरे मागितली नाही. सॉसेजच्या रांगेतसुद्धा तो 'इथे'च होता हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण ते त्याला कशाला सांगायचं?

निघताना केंड्राला बाजूला घेतलं. विचारलं, त्या सुट्या खुर्च्यांचं काय?

"येतायत ना, मिसेस हुडाक. मऊ पाठीच्या. प्रत्येकाला स्वतंत्र. तुमची कॉफी ठेवायला खोबणसुद्धा आहे, अजिबात सांडणार नाही."

तिला म्हटलं, जगात कुठेही बसव. आमची फळी उचलायला माणसं पाठवलीस तर मी तिच्यावर बसलेली असेन, हिवाळाभर बसेन, बर्फ पडला तरी बसेन. आणि माझी कॉफी सांडलीच पाहिजे.

पोरीला काही कळलं नाही. नेल्सनलाही नाही. तो पुढे चालत होता, आणि वळून म्हणाला, "पायरी आहे गं, जपून."

"मला माहीत आहे," मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला.